ढोकळ्याची बैठक

आमच्या सोसायटीतले तांबे काका कुत्र्यांचे फोटो पाठीमागून काढतात. समोरून कधीच नाही. कुत्रा बसला रे बसला की काका त्याच्या मागे उकिडवे बसतात, कॅमेरा डोळ्याला लावतात आणि थेट शेपटीच्या खाली फोकस करतात. मग तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर यायचा, वर ‘सुप्रभात’ लिहून. चहाचा पहिला घोट घेताना कुणाच्या तरी कुत्र्याचं बूड बघायची पाळी आमच्यावर रोज यायची. शेवटी सेक्रेटरींनी काकांना ग्रुपमधून काढून टाकलं. तेव्हापासून काका त्या फोटोंच्या प्रिंट काढून दाराखालून सरकवायला लागले.

केबिन रोडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. भाईंदरातल्या निम्म्या जनतेचे पासपोर्टचे फोटो त्यांच्या हातचे असतील. गिऱ्हाइकाला बसवण्यात त्यांचा हातखंडा. हनुवटी, खांदे, हात, जे वाकडं दिसेल ते दोन बोटांनी जागेवर आणायचे. माझा फोटो काढताना त्यांनी खांदा असा दाबला होता की पासपोर्टवर मी नुकताच पकडलेला आरोपी दिसतो. पुढे मोबाईल आले, लोक घरच्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बंद पडला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मग काका कुत्र्यांकडे वळले. कुत्र्याने मागचे दोन्ही पाय दुमडून, नीट अंगाखाली घेऊन बसावं, हे त्यांचं शास्त्र. पाय एका बाजूला टाकून एकाच कुल्ल्यावर रेलला, तर बैठक चुकली. पिल्लाला माफ. पण मोठा झाल्यावरही तसाच बसत असेल, तर काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, “आळस नाही तो, खुबा आहे.”

आता आमच्या इमारतीत मराठी घरं मोजकी. दुसऱ्या मजल्यावरच्या शहा भाभींना काकांनी हेच हिंदीत समजावलं, “भाभी, इसका खुबा देखो.” भाभी खूश. “हां अंकल, खूब क्यूट छे ना!” म्हणाल्या आणि त्यांनी कुत्र्याचा मुका घेतला. काका कपाळाला हात लावून तिथेच पायरीवर बसले. कुणी ऐकत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन हजर असायचे.

आमच्याकडे ढोकळा आहे, पिवळा लॅब्रॅडॉर. नाव मुलीने ठेवलं. तो मागचे दोन्ही पाय एकीकडे टाकून मस्त फतकल मारायचा आणि आम्हाला त्याचं कोण कौतुक. मुलीने त्या बसण्याचे रील केले. पाहुणे आले की आम्ही मुद्दाम त्याला बसायला लावायचो.

तो वर्षाचा झाला तेव्हा काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं. जिना चढताना हा मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखा, ते बघितलंत का, असं विचारलं. खरं सांगायचं तर मी बघितलं नव्हतं. एक्स-रे काढा म्हणाले. मी येत्या रविवारी नक्की असं सांगितलं आणि तेच आठ महिने सांगत राहिलो. पुढे पुढे काका दिसले की मी फोन कानाला लावायचो. एकदा त्यांनी माझा हात धरून तो फोन खाली घेतला.

“मोरे, तुम्हाला रोज दिसतंय हो ते,” ते म्हणाले. “नुसतं दिसून काय उपयोग?”

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, म्हातारा पार कामातून गेला.

गेल्या महिन्यात एका सकाळी ढोकळा उठेना. पुढचे पाय उभे राहिले, मागचा भाग लादीवरच. तरी माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ आणि सांधे झिजलेले. असा कधीपासून बसतो, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पहिल्यापासून. लहानपणी आणला असता तर बरंच काही करता आलं असतं, आता वजन उतरवा, गोळ्या द्या, व्यायाम करून घ्या, पण दुखणं राहणार, असं ते म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली. तो दुखणं घेऊन बसत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

संध्याकाळी एक्स-रे घेऊन मी काकांकडे गेलो. आता ऐकून घ्यावं लागणार, अशी मनाची तयारी केली होती. पण काकांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात निगेटिव्हसारखी धरली, बराच वेळ बघितली आणि एवढंच विचारलं, “फार दुखतंय का त्याला?”

काकूंविषयी सांगायचं राहिलंच. इमारतीतल्या फार जणांनी त्यांना बघितलेलं नाही. सहा वर्षं त्या आतल्या खोलीत पलंगावर आहेत. वय झालं असेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर मात्र काकूच काकू होत्या. लग्नाच्या दर वाढदिवसाला स्टुडिओतल्या खुर्चीत बसवून काढलेला एकेक फोटो. काकांनी मला एका फोटोसमोर उभं केलं.

“हा बघा. उजवा हात खुर्चीवर टेकलाय. सगळा भार हातावर घेतलाय तिने. मला वाटलं, पोज बिघडतेय. म्हटलं, हात मांडीवर घे. तिने घेतला.”

पुढच्या सगळ्या फोटोंत हात मांडीवरच होता. मी मोजले नाहीत. काका म्हणाले, नऊ.

“खुबा गेला होता हो तिचा. नऊ वर्षं माझ्यासमोर बसत होती. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. नंतर ऑपरेशन केलं, पण तोवर उशीर झाला होता.”

आतून काकूंनी हाक मारली. मोरे आलेत का, असं विचारलं, आणि ढोकळ्याला दवाखान्यात नेलं होतं ना, त्याचं काय झालं, तेही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला.

“काही नाही गं,” ते मोठ्याने म्हणाले. “मोरेंनी वेळेवर नेलं त्याला.”

“बरं झालं,” काकू आतून म्हणाल्या.