अकरा सेकंदांची ओळ

नव्याला नोकरीवर घेण्यात आले तेव्हा नेमणूकपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: तो प्रोग्रॅमर आहे, तो तीन महिने तात्पुरता आहे, आणि त्याने खुर्चीची जागा बदलू नये. तीन महिन्यांत हातून काही भरीव घडले तर त्याला कायम करण्यात येणार होते. न घडल्यास मामाचे झेरॉक्सचे दुकान होतेच. मामाने काउंटरमागचा स्टूल मुद्दाम रिकामा ठेवला होता आणि भेटेल तेव्हा तो सांगे, "भाच्या, उशी नवी टाकलीय."

कंपनीचा व्याप साधा होता. लोकांच्या घरातला मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन बिघडले की ते मोबाइलवर तक्रार करीत; ती नोंदवून घेणारा प्रोग्रॅम या कंपनीचा. बटण दाबले की पडद्यावर एक गोल फिरू लागे, अकरा सेकंद फिरे, आणि मग 'नोंद झाली' असे उमटे. हे अकरा सेकंद कुठे जातात ते शोधणे, हे नव्याचे पहिले काम. त्यासाठी त्याला सहा आठवडे देण्यात आले.

त्याला ते वीस मिनिटांत सापडले. चाळीस हजार ओळींच्या मधोमध एक ओळ बसली होती: अकरा सेकंद थांबा. थांबून काय करा, हे पुढे कुठेच नव्हते. वर कोणीतरी टीप घातली होती: 'तात्पुरते. हात लावू नये.'

नव्याने हात लावला. ओळ खोडली आणि बटण दाबून पाहिले. बोट उचलायच्या आत नोंद झाली. त्याने शेजारी बसणाऱ्या दादांना हाक मारली. दादा विभागातले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. नऊ वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि वेगही.

"दादा, झालं काम."

"कुठलं?"

"सहा आठवड्यांचं."

दादांनी इकडेतिकडे पाहिले. "कोणी बघितलं का?"

"नाही."

"मग अजून झालेलं नाही. असं कर, रोज थोडंथोडं होऊ दे. झेपेल तुला."

पण नव्याच्या अंगात उत्साह होता आणि डोळ्यांसमोर स्टूल. तो थेट विभागप्रमुख मॅडमकडे गेला. मॅडम खूश झाल्या. दुपारपर्यंत बदल सगळ्या ग्राहकांच्या मोबाइलवर पोहोचला.

दुसऱ्या दिवशी तक्रारी चौपट झाल्या. मिक्सर रातोरात बिघडले नव्हते. लोक एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवत होते. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी एकच मिक्सर एकोणीस वेळा नोंदवला आणि मग फोन केला. "अहो, दाबलं की लगेच 'नोंद झाली'? हे काय झालं? तुम्ही वाचता तरी का? पूर्वी कसं, विचार करून उत्तर यायचं!"

तातडीची बैठक बसली.

"नव्या, तू काय करून बसलायस कळतंय का तुला?" मॅडम म्हणाल्या. "लोकांचा विश्वास खोडलास तू!"

"मॅडम, मी एक ओळ खोडली."

"तीच ती!"

"मग परत घालतो की. दोन मिनिटांचं काम."

मॅडमनी त्याच्याकडे फार दयेने पाहिले. ओळ काढल्याचा अहवाल वर गेला होता आणि त्यात तिला 'दोष' म्हटले होते. काढलेला दोष पुन्हा घालण्याची तरतूद नियमात नव्हती. नवी सुविधा मात्र कितीही घालता येत होती. म्हणून नव्याने चौदा पानांचा प्रस्ताव लिहिला, 'विश्वासवृद्धी सुविधा' या नावाचा, आणि किती थांबवावे हे ठरवायला समिती नेमण्यात आली.

समितीने दोन महिने खोलात जाऊन विचार केला. मिक्सरला आणि फ्रीजला एकाच मापाने थांबवणे फ्रीजच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असे मत पडले. तेव्हा मिक्सरला अकरा सेकंद, वॉशिंग मशीनला बावीस, फ्रीजला चाळीस आणि एसीला पूर्ण एक मिनिट असे ठरले. एसीवाली माणसं गारव्यात निवांत असतात, थांबतील, असे एक सदस्य म्हणाले.

"पण त्यांचा एसी बंद पडलेला असणार ना?" नव्याने विचारले.

मुद्दा महत्त्वाचा असल्याची नोंद घेण्यात आली. एक मिनिट तसेच ठेवण्यात आले.

मग गोलाखाली काय लिहावे यावर चर्चा झाली. 'तज्ज्ञ आपली तक्रार वाचत आहेत' हे सर्वांना पसंत पडले. त्यानंतर दहा सेकंदांनी 'दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेत आहोत' असे यावे, ही मॅडमची भर.

"मॅडम, पण वाचत कोण असतं?" नवा म्हणाला.

बैठक तिथेच संपली.

चहाच्या मशीनपाशी दादांनी त्याला बाजूला घेतले. "ती ओळ माझी रे. मीही तुझ्यासारखाच तिसऱ्या महिन्यात होतो. तिथे तक्रार तपासायचा भाग लिहायचा होता, वेळ नव्हता. म्हटलं, लिहीपर्यंत नुसतं थांबू दे. मग मी कायम झालो. माझ्याबरोबर तीही."

"मग आता लिहू या का तपासायचा भाग?"

"लिही की. पण तो अर्ध्या सेकंदात संपेल. उरलेल्या साडेदहा सेकंदांचं काय करशील?"

 नव्याने विश्वासवृद्धी सुविधा बसवली, आणि वर तीच जुनी टीप घातली: 'तात्पुरते. हात लावू नये.'

लोक हरखून गेले. 'पूर्वी नुसता गोल फिरायचा, आता तज्ज्ञ बघतात,' असे एकाने लिहून पाच तारे दिले. एकोणीस मिक्सरवाल्या गृहस्थांनी केवळ समाधानासाठी फ्रीजची तक्रार केली. फ्रीज ठणठणीत होता. मॅडमनी नव्याला सांगितले, शुक्रवारपर्यंत तारे असेच राहिले तर कायम, घसरले तर काही सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी नवा घरी आला तेव्हा आई मोबाइल दोन्ही हातांत धरून बसली होती. घरातले वॉशिंग मशीन कपडे पिळताना उड्या मारत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ लागले होते.

"आई, काय करतेस?"

"शू! बोलू नको. दुसऱ्या तज्ज्ञांना विचारतायत."

 उद्या शुक्रवार होता, स्टूल डोळ्यांपुढे होता, पण समोर आई होती. "आई, तिथे कोणी नसतं गं."

"नसतं कसं? हे बघ, लिहिलंय."

"ते मी लिहिलंय."

आईने चष्म्यावरून त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तू? तुला वॉशिंग मशीनमधलं काय कळतं? उगाच तज्ज्ञ माणसांना नावं ठेवू नये." आणि तिने पाच तारे दिले.

शुक्रवारी नवा कायम झाला. नेमणूकपत्रात एकच शब्द बदलला. खुर्चीचे कलम तसेच राहिले. मामाने उशी परत घरी नेली. मशीन अजूनही दारापर्यंत येते, आई त्याला पायाने मागे ढकलते. पण तिची काही तक्रार नाही. ती केव्हाच नोंदली गेली आहे.

मागच्या आठवड्यात आपल्याही मोबाइलवर असाच एक गोल फिरत होता. चुकून बोट लागू नये म्हणून आपण मोबाइल अलगद टेबलावर ठेवलात, घरच्यांना हाताने गप्प केलेत, आणि शेवटी पाच तारे दिलेत. त्याबद्दल नव्याने आपले मनापासून आभार मानले आहेत. ते आपल्यापर्यंत पोहोचतीलच. सध्या तज्ज्ञ वाचत आहेत.