गुलाबरावांचं ऑपरेशन

गुलाबराव ढोबळे आपली ओळख नाव, गाव आणि ऑपरेशन या क्रमाने करून देत. "मी गुलाबराव. मूळचा पारशिवनीचा. माहं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं हाये." समोरचा नमस्काराचे हात तसेच जोडून इकडेतिकडे बघू लागे.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले असत, पण घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. नसबंदी करून आलेला माणूस नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो म्हणून सांगे. आमचे शेजारी गुलाबराव मात्र सक्करदऱ्यातल्या पानठेल्यावर, रेशनच्या रांगेत, एकदा तर एका मयतीलाही हा विषय काढून बसले.

ऑपरेशनने पुरुषाची ताकद जाते, असा मोहल्ल्याचा पक्का समज होता. तो खोडायला गुलाबराव गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन रेशन दुकानातून येत आणि वाटेत मुद्दाम थांबून गप्पा मारत. "पाहा गा, कुठी कमी झाली काय?" लोकही बेरकी. कुणाचा पलंग हलवायचा असला की त्यांच्यादेखत नुसती शंका काढायची. गुलाबराव बाह्या सरसावून हजर. आमचं सागवानी कपाट मी असंच फुकटात माडीवर चढवून घेतलं. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

त्यांची बायको सिंधूबाई बारीक चणीची. चार पायऱ्या चढली की तिला दम लागे. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला बायका तिला ओटी भरायला बोलवत नसत. पुढे नवऱ्याची दवंडी सुरू झाली आणि बोलणं बदललं. "तिच्यात खोट नाही वं, त्या येड्यानंच कापून घेतलं," असं नळावर ठरलं. हळूहळू तिला बोलावणी येऊ लागली. मला वाटे, या माणसाला चारचौघांत मिरवायची हौस आहे, दुसरं काय.

माझ्या बायकोला सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. आमची आई जुन्या वळणाची. बायकांच्या यादीत सिंधूबाईचं नाव तिने घेतलं नाही. मीही गप्प बसलो. त्या सकाळी गुलाबराव कुणी न बोलावता आले, अंगणातला पाटा उचलून आत ठेवला आणि आईसमोर उभे राहून आपलं ऑपरेशन पहिल्यापासून सांगू लागले. आई शरमून पदराशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "माहीत हाये बाबा सगळं. पाठव तिले. पहिली ओटी तिच्याच हातून भरू."

गुलाबराव वाक्य अर्धवट टाकून घरी गेले. असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी आत बायकांची गाणी चालली होती. आम्ही दोघं पुरुष ओट्यावर. मी सहज विचारलं, "मूल नसताना तुम्हाला नसबंदीच्या शिबिरात घेतलं कसं?"

ते जरा जवळ सरकले. मग सगळं सांगितलं. सिंधूबाईचं काळीज कमजोर. बाळंतपण झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिबिरात दोन पोरं असल्याशिवाय घेत नव्हते.

"मंग मी फारमावर दोन लिहिले. त्याहीनं नावं विचारली, वय विचारलं. लिहून देल्लं. शरद अन् कुसुम." आत कुणीतरी सिंधूबाईला नाव घेण्याचा आग्रह करत होतं. तिचं हसू बाहेरपर्यंत आलं. गुलाबराव तिकडे कान देऊन राहिले.

"कुसुम यंदा तिसरीत गेली असती," ते म्हणाले. "सिंधूले सांगू नको गा. तिले वाटते, मी नुसता आकडा लिहिला."