वरचे पंच्याऐंशी किलो

भरलेला टेम्पो वजनकाट्यावर उभा होता आणि काट्याच्या खोलीतल्या पेटीवर लाल आकडे आले होते: चार हजार पाचशे पंचेचाळीस. किलोकाका टेम्पोच्या केबिनमधून उतरले, खिडकीशी आले, पावतीवर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "काटा बिघडलाय."

काटेवाल्याने पंधरा वर्षांत हे वाक्य पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकलं होतं. किलोकाकांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून तो चहाचा कप खाली ठेवून उठला.

समोरच्या लोखंडाच्या गोदामात किलोकाकांची एकतीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. काटकोनात वळवलेली ती लोखंडी पट्टी, जिला सगळी दुनिया अँगल म्हणते, तिचं एक टोक काकांनी नुसतं उचलायचं अवकाश, वजन तोंडावर तयार. "बाजू पन्नास-पन्नास मिलिमीटर, जाडी सहा. मीटरला साडेचार. सहा मीटरचा नग सत्तावीस किलो." आणि वजनावर थांबले तर ते किलोकाका कसले. "हा पत्र्याच्या शेडला घाला. तो पंचवीसचा खिडकीच्या चौकटीला. पाण्याच्या टाकीखाली? मग पासष्टचा न्या, नाहीतर नेऊच नका." टाकीखाली बारीक अँगल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ परत पाठवत. मालक हळहळत, पण टाक्या पडत नसत.

एकतीस वर्षांत त्यांनी लोखंडाला एकदाच खोटं ठरवलं होतं. घरच्या गॅलरीत त्यांनी स्वतः पंचवीसच्या अँगलचा बाक केला होता, त्यावर बसून ते रोज पेपर वाचत. गेल्या महिन्यात तो बाक मधोमध चांगला बोटभर खाली आला. "माल दोन नंबरचा निघाला," काका म्हणाले होते. बायकोने आधी बाकाकडे आणि मग काकांकडे बघितलं होतं.

आजच्या मालात मात्र खोट निघून चालणारच नव्हती. कारण हा माल त्यांच्या लेकीचा होता.

लेक यंदाच इंजिनियर झाली होती. तिचं पहिलं काम म्हणजे एका वाचनालयाच्या नव्या खोलीचं छप्पर. हिशेब तिचा, नकाशा तिचा, खाली सही तिची. त्या सहीचा कागद किलोकाकांनी गोदामात सगळ्यांना दाखवला होता, हमालांना दोनदा. सकाळपासून ते स्वतः एकेक नग निवडत होते, वाकडा दिसला की बाजूला. आणि टेम्पो भरल्यावर, "लेकीचा माल आहे, मी स्वतः पोचवणार," म्हणून छाती काढून ड्रायव्हरशेजारी बसले होते. लेक स्कूटरवरून मागून आली होती.

"बाबा, रिकामा टेम्पो दोन हजार आठशे चाळीस," लेक दोन्ही पावत्या शेजारी धरून म्हणाली. "म्हणजे माल सतराशे पाच. आपला हिशेब सोळाशे वीस. पंच्याऐंशी किलो वर आहेत."

"हिशेब कोणाचा?"

"माझाही आणि तुमचाही. दोघांचा एकच आलाय."

"मग झालं तर. दोन माणसं चुकत नसतात, एक यंत्र चुकतं."

"काका, गेल्याच महिन्यात सरकारी माणूस शिक्का मारून गेलाय," काटेवाला म्हणाला. "माझ्या पोटावर पाय आणू नका."

"बाबा, भांडू नका. आमच्या साहेबांना मी छातीठोक सांगितलंय, माझे वडील माल निवडणार आहेत, दुसरी तपासणी नको. खांब त्या छपराच्या वजनावर काढलेत. पंच्याऐंशी किलो जास्त म्हणजे एक तर नग जास्त, नाहीतर जाडी जास्त. साहेब माल उतरवूनच घेणार नाहीत. आणि पुन्हा मला काम देताना दहादा विचार करतील."

हे ऐकल्यावर किलोकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचं नाव गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. एकतीस वर्षं मिरवून झालं होतं. पण लेकीचं नाव आज कुठे सुरू होत होतं.

"उतरवा," काका हमालांना म्हणाले.

सगळा माल खाली आला. पन्नासचे चाळीस नग, चाळीसचे तीस. बरोबर सत्तर. काकांनी जाडी मापून घेतली, लेकीने वहीत टिपून घेतली. पन्नासला सहा, चाळीसला पाच, तसूभर फरक नाही. मग संशयाची सुई टेम्पोकडे वळली.

"मध्येच डिझेल भरलंस?"

"नाही काका," टेम्पोवाला म्हणाला.

"दोर? ताडपत्री?"

"रिकाम्या काट्यालाही होती."

"सीटखाली काय आहे?"

सीटखाली एक पाना, एक फाटका स्वेटर आणि त्याच्या बायकोने आणायला सांगितलेली आणि तो पोचवायला विसरलेली साखर निघाली. साखर किलोभर होती. काकांनी हातावर तोलून सांगितलं, "नऊशे पन्नास ग्रॅम आहे. दुकानदार बदल." टेम्पोवाल्याला त्या गडबडीतही बरं वाटलं.

हमालांनी कुरकुरत माल पुन्हा चढवला. या वेळी काका केबिनमध्ये बसले नाहीत. काट्यावर त्यांचा राग होता, तेव्हा ते खिडकीशीच कमरेवर हात ठेवून उभे राहिले, डोळे त्या पेटीवर. टेम्पो काट्यावर चढला, आकडे थोडे घुटमळले आणि थांबले. चार हजार चारशे साठ.

"सोळाशे वीस," लेक हळूच म्हणाली.

"बघा, आलं की नाही बरोबर," काटेवाला घाम पुसत म्हणाला. "जाऊ द्या आता. ती पहिली पावती फाडून टाका."

"कशी फाडू? दोन्हीवर नंबर आहेत, दोन्ही साहेबांना द्यायच्यात. तोच टेम्पो, तोच माल आणि वजनं दोन. ते विचारतील, पंच्याऐंशी किलो गेले कुठे? यातलं खरं कोणतं? मला काट्याबद्दल तक्रारच लिहावी लागेल."

काटेवाला मटकन खुर्चीत बसला.

"मी तर तिन्ही वेळा गाडीतच होतो, जागचा हललो नाही," टेम्पोवाल्याने आपली बाजू सांगून टाकली.

आणि इथे किलोकाकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिकाम्या काट्याच्या वेळी आपण गोदामात नग निवडत होतो. आताच्या काट्याला खिडकीशी उभे आहोत. मधल्या वेळी मात्र आपण छाती काढून बसलो होतो. कुठे, ते आठवून त्यांनी सावकाश आपल्या पोटाकडे पाहिलं.

तोंड उघडलं की सगळं सुटत होतं. पण एक भानगड होती. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी वजन बहात्तरवर आणायला सांगितलं होतं. काका रोज पहाटे बूट घालून फिरायला बाहेर पडत, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसत, दोन प्लेट भजी खात आणि तासाने घाम पुसत घरी येत. गेल्या महिन्यात त्यांनी घरी जाहीर केलं होतं, "बहात्तर झालं." बायकोने साखर पुन्हा सुरू केली होती. लेकीने कौतुकाने नवे बूट आणले होते. ते बूट आत्ता पायात होते.

लेकीने तक्रारीसाठी कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं.

"थांब," किलोकाका म्हणाले. "काटा खरा आहे. लोखंडही खरं आहे."

"मग खोटं काय आहे?"

"मी."

कोणाला काही कळेना. काकांनी टेम्पो पुढे घ्यायला लावला. मग ते एकटे त्या एवढ्या मोठ्या, ट्रक मावेल अशा लोखंडी पाटावर मधोमध जाऊन उभे राहिले. पाठ ताठ, हनुवटी वर. पेटीवर दोन लाल आकडे उमटले. पंच्याऐंशी.

हमाल खाली बघून हसू दाबू लागले. काटेवाल्याने मात्र उठून काकांना हात जोडले.

"बाबा," लेक म्हणाली, "बहात्तर म्हणाला होतात."

"ते आईला सांगितलेलं वजन. हे पावतीवरचं. तू पावतीवरचं धर." मग ते पाटावरून उतरून तिच्यापाशी आले. "हे बघ, तुझं गणित किलोभरसुद्धा चुकलेलं नाही. साहेबांना सांग, माल सोळाशे वीस, वरचे पंच्याऐंशी किलो बाप. लाजू नको. मी नाही लाजत."

लेकीचे डोळे भरून आले, आणि तिला हसूही आवरेना. तिने एकट्या काकांच्या वजनाची चौथी पावती काढून घेतली, चारही एकत्र टाचल्या आणि फरकाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: वडील. वाचनालयापाशी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली. माल उतरला. पुढचं कामही त्यांनी तिथेच तिच्या हातात दिलं.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा लेकीचा फोन त्यांच्या आधी पोचला होता. बायको गॅलरीत, त्या वाकलेल्या बाकाशेजारी उभी होती. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला होता.

काका निमूट पुढे झाले. त्यांनी बाकाच्या अँगलवरून हात फिरवला, मीटरला एक किलो शंभर ग्रॅम, आणि मान खाली घालून म्हणाले, "याच्यावर मी उगाच आळ घेतला. माल एक नंबर होता. बिचाऱ्याने पंच्याऐंशी किलो झेलले आणि हूं की चूं केलं नाही. उद्याच पस्तीसचा आणून लावतो."

"काही नको," बायको म्हणाली. "लोखंड आहे तेच राहू दे. वरचा माल बदला."