बिनजोड साडी

सुनेत खोड काढायला वच्छलाबाईंना फार शोधावं लागत नसे. पण सोनियाची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे तिला कुठलीच गोष्ट नुसती बरी म्हणता येत नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी केली की ती युनिक. खिडकीला पडदा लावला, तो युनिक. शेजारणीच्या नातवाचं नाव ठेवलं, तेही युनिक. "चहात साखर टाकलीय का युनिक टाकलंय, तेवढं सांग," असं वच्छलाबाई विचारत, आणि सोनिया नुसती हसे. हे न बोलता हसणं ही दुसरी खोड.

शब्दाचा अर्थ सुनेला विचारणं वच्छलाबाईंच्या रक्तात नव्हतं. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण डोळे शाबूत होते. सिडकोतल्या त्यांच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत एक युनिक टेलर, एक युनिक झेरॉक्स, एक युनिक क्लासेस आणि एक युनिक चिकन सेंटर लागे. शहागंजात साडी घ्यायला गेलं की दुकानदार गठ्ठ्यातून एक ओढून म्हणे, "एकदम युनिक पीस," आणि रंगाला नाक मुरडलं की त्याच गठ्ठ्यातून तशाच अकरा बाहेर काढे. तेव्हा गल्लोगल्ली जे ढिगानं मिळतं ते युनिक, हे वच्छलाबाईंनी पुराव्यानिशी ठरवून टाकलं होतं.

म्हणूनच तर दिवाळीत घोटाळा झाला. सोनियाची धाकटी बहीण तनुजा, तिनं वच्छलाबाईंसाठी साडी पाठवली. "आई, एकदम युनिक आहे," म्हणत सोनियानं ती हातात दिली. रंग चुलीतल्या राखेचा, आणि पदरावर सीताफळं. त्यातलं एक तर फोडलेलं, बियांसकट. सीताफळ खायचं असतं, ते खांद्यावर घेऊन लग्नात बसलं तर बाया बिया मोजत बसतील. वच्छलाबाईंनी घडीसुद्धा मोडली नाही. आठच दिवसांत नणंदेच्या, चंपाबाईंच्या वास्तुशांतीला तोच आहेर केला आणि कपाटातली जागा मोकळी केली.

आणि आज, मार्चातल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, सोनियानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आली.

"आई, तनू पाच वाजता येतेय. पुण्याच्या एक बाई बरोबर आहेत, साड्यांचं मोठं दुकान आहे त्यांचं. तनूला काम द्यायचं की नाही, ते तुमची साडी बघून ठरवणार. तिच्या हाताचं भरतकाम दाखवण्यासारखं तेवढंच आहे. काढून ठेवाल ना?"

"ठेवते की," वच्छलाबाई म्हणाल्या. साडी कपाटात नव्हती, पण त्यात काय? तिच्याकडं एकच असंल, दुकानात तर असतील. वस्तू युनिक आहे, म्हटल्यावर काळजी कसली? "मी जरा शहागंजला जाऊन येते. वाती आणायच्यात."

"वातींसाठी शहागंज?"

"तिथल्या बऱ्या जळतात."

सोनियानं पाण्याची बाटली भरून दिली. "ऊन आहे. बाबांना घेऊन जा. आणि काही हरवलं असेल तर सांगा, मी पण शोधते."

"माझं काय हरवतंय? आवं, गाडी काढा," वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

सांडूराव कंपनीतून निवृत्त झाले होते, त्यांची स्कूटर अजून व्हायची होती. चौथ्या लाथेला ती जागी झाली.

शहागंजातल्या नेहमीच्या दुकानात वच्छलाबाई गादीवर टेकल्या. "राखेच्या रंगाची दाखवा. पदरावर सीताफळं, त्यातलं एक फोडल्यालं."

दुकानदारानं भुवया वर नेल्या. "ऐसा माल नै आता, अम्मा."

"नाय कसा? युनिक हाये ती."

"युनिक है तो फिर कां से आएगी? युनिक मतलब अकेली. दुनिया में एक. उसका जोड नै रैता."

वच्छलाबाईंनी गादीवरून उठून पदर खोचला. "मग वीस वर्षं तुमी मला दर साडीला युनिक म्हणून इकताय, ते काय?"

"वो बोलना पडता, अम्मा," दुकानदार शांतपणे घडी घालत म्हणाला.

सांडूरावांनी बाहेर येऊन हिशोब मांडला. "म्हंजी दुनियेत एकच होती, आन् ती तू चंपाला देऊन टाकली."

"देऊन नाय टाकली. आहेर केला."

"सोनियाला खरं सांगून मोकळी हो."

"त्यापेक्षा मी ही गाडी ढकलत चिकलठाण्याला जाईन."

ढकलावीही लागली, पेट्रोल पंपापर्यंत. बारा वाजता दोघं चिकलठाण्यात चंपाबाईंच्या दारात उभी राहिली. वच्छलाबाईंनी पाणी पिता पिताच विषय काढला. "वन्सं, ती सीताफळाची साडी जरा बघू द्या. ब्लाउजाचा रंग बघायचा होता."

"अगं बाई, वहिनी, ती तर मी जिवापाड जपलीय," चंपाबाई म्हणाल्या. "रोज बघते."

"मग आज माझ्यासंगं बघा."

"आज... धुवायला टाकलीय."

"न नेसताच?"

चंपाबाईंनी भावाकडं बघितलं. भाऊ छताकडं बघत होता. "हे बघा वहिनी, खरं सांगते. मी ती द्वारकाबाईला नेसवली, वाळूजच्या. लेकीच्या सासूला भारी आहेर लागतो, माझ्याकडं दुसरं भारी काय नव्हतं."

"मी प्रेमानं दिलेली साडी तुमी दुसऱ्याला दिली?" वच्छलाबाईंचा आवाज चढला. चोराच्या उलट्या बोंबा मारायच्या तर त्या मोठ्यानंच माराव्यात.

"प्रेमानं?" चंपाबाई उठल्या आणि देवघरातून कागदाची एक घडी घेऊन आल्या. "साडीच्या पोटातून निघाली. वाचून दाखवू? 'वच्छला मावशींना, खास तुमच्यासाठी काढली. तनू.' बरं झालं मला आधी घावली. नायतर द्वारकाबाईपुढं आपली दोघींची अब्रू गेली असती."

वच्छलाबाईंनी चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचली. "जेवायला थांबत नाय," असं त्या म्हणाल्या, ज्याचा आग्रह कुणी केलाच नव्हता.

चिकलठाणा शहराच्या एका टोकाला, वाळूज दुसऱ्या. मध्ये दोन तास स्कूटर मेकॅनिककडं आडवी झाली. पोचले तेव्हा कंपन्यांची पाळी सुटत होती. बसगाड्यांच्या रांगेत स्कूटर अशी अडकली, की सांडूराव म्हणाले, "इथंच नोकरी धरू का परत?" वच्छलाबाईंच्या डोक्यात तनुजा होती. दोन महिने त्या पोरीनं डोळे फोडले असतील एकेका बीवर. ती पाच वाजता हात हलवत उभी राहील, पुण्याची बाई पर्स उचलून निघून जाईल, आणि व्याही-विहीण जन्मभर सांगतील, वच्छलाबाईंनी पोरीचं नशीब वास्तुशांतीत वाटलं. पहिल्यांदाच त्यांना ते फोडलेलं सीताफळ डोळ्यांसमोर दिसलं, आणि ते वाईट नव्हतं.

द्वारकाबाईंचं घर आलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आज कशी वाट चुकलात, वच्छलाबाई?" द्वारकाबाई ओसरीवरूनच म्हणाल्या. "नातवाच्या जावळाला तर तुमी आलाच नाय."

"फोनवर बोलावल्यावर आमी येत नसतो. घरी येऊन कुंकू लावावं लागतं. ते जाऊ द्या. चंपाबाईनं तुमाला एक साडी नेसवली होती, राखेच्या रंगाची."

"सीताफळवाली? लई नामी चीज होती." द्वारकाबाईंनी पायावर पाय टाकला. "पर आमच्या रंगाला खुलंना. मग जावळात नेसवली मामीला. चंपाबाईला पोरगा नाय, म्हणून तुमचा लेक राजकुमारच मामा होऊन बसला होता ना पोराला मांडीवर घेऊन. आता मामाला टोपी आन् मामीला साडी, ही तर रीतच हाये."

"मामीला म्हंजी?"

"तुमच्या सोनियाला की. तिनं हातात घेतली, पदर उलगडून बघितला आन् अशी गोड हसली. म्हटलं, लई आवडली बाई पोरीला. का, तिनं दाखवली नाय व्हय?"

सांडूराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बाहेरून खोकल्याचा आवाज मात्र आला नाही.

जावळ दीड महिन्यापूर्वी झालं होतं. त्या दिवशी राजकुमार आणि सोनिया परत आले, तेव्हा वच्छलाबाई मानापमानावरून भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. आहेरात काय मिळालं, हे विचारणं त्यांनी मुद्दाम टाळलं होतं.

पाचला दहा कमी असताना गाडी वाळूजहून निघाली आणि पावणेसहाला दारात पोचली. बैठकीत तनुजा बसली होती, शेजारी चष्मा लावलेल्या पुण्याच्या बाई. दिवाणावर राखेच्या रंगाची साडी अशी पसरली होती, जणू कधी हललीच नव्हती.

"या वच्छलाताई," पुण्याच्या बाई उठून म्हणाल्या. "किती जपलीत हो. एक सुरकुती नाही. मी तनुजाला वीस साड्या सांगितल्यात, प्रत्येकीवर वेगळं फळ."

तनुजा वच्छलाबाईंच्या पायाशी वाकली, आणि उठताना तिचे डोळे भरून आले होते. "मावशी, तुम्हाला आवडेल की नाही, याचीच भीती होती मला."

"आईंनी कुणाला हात लावू दिला नाही," सोनिया चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "त्यांचा जीव आहे त्या साडीवर."

वच्छलाबाईंनी मान डोलावली. चहा झाला, पाहुण्या गेल्या, सांडूराव पाय चोळत पडले, आणि मग त्या स्वयंपाकघरात सुनेच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दीड महिना साडी कपाटात ठेवून गप बसलीस. सकाळी बाटली भरून दिलीस, पर तोंड उघडलं नाय."

"तुम्ही विचारलंच नाही, आई." सोनिया भांडी विसळत राहिली. "मिळाल्या का वाती?"

वच्छलाबाई ओट्याला टेकल्या. हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला.

"माझ्या सासूची नथ हरवली होती एकदा. मला ती पहिल्याच दिवशी पिठाच्या डब्यात घावली. तीन दिवस सारं घर धुंडू दिलं मी तिला. रोज कंदील धरून वर उजेडबी दाखवला." त्यांनी सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः पुसायला लागल्या. "तवा सोनिया, एक ध्यानात ठेव. तू काय युनिक-बिनिक नाय. तुझी जोड या घरात चाळीस वर्षांपासनं नांदतीय."