सटवाजी सुताराचे राऊटर आणि सात शहाण्यांची पसंती

श्रीविश्वकर्मा समर्थ. ज्याने लाकडास रेषा दिली आणि पोलादास धार दिली त्या देवास साष्टांग नमस्कार करून, आणि ज्या सात शहाण्यांनी जन्मात रंधा हाती धरिला नाही त्यांस लांबूनच हात जोडून, हा वृत्तांत लिहिला असे. शके अठराशे शहाऐंशी, क्रोधीनाम संवत्सरे. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा मजकूर तिखट उतरला तर लिहिणाराकडे बोट करू नये.

त्याच्या वीस वर्षे मागे एके राज्यात ऐसे जाहले की, राजदप्तराच्या कपाटांचे चाळीस खण खिळ्यांनी ठोकलेले, ते खिळे गंजले आणि गंज कागदांस लागून अक्षरे खाऊ लागला. महाराजांनी आजोबांची सनद उघडली तो आजोबांच्या नावाचे जागी भोक. मग महाराज खवळले आणि त्यांनी आज्ञा केली की, खंडेनवमीस हत्यारांची पूजा होईल ते समयी सुतारखान्याने बिनखिळ्याचा सांधा आम्हांसमोर कापून दाखवावा. साधला तर चाळीसही खण त्यांनीच करावे, न साधला तर सुतारखाना मोडावा. सुतारखान्याचा मुख्य सटवाजी सुतार. पारव्याच्या शेपटीसारखा, मुळाशी अरुंद आणि टोकाशी रुंद ऐसा जो सांधा, ज्यास कारागीर डव्हटेल म्हणतात, तो चाळीस वर्षे त्याने करवत आणि पटाशीने कापिला, आणि त्याने जोडलेला खण ओढून कोणाच्या बापास सुटला नाही. परंतु दोन वर्षांपासून उजवा हात कापत असे, आणि पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईतो अर्धा सांडे. त्याने ते लपविले नाही. त्याने जिग म्हणून लोखंडी साचा मिळविला होता, कंगव्यासारखे दात असलेला. त्या दातांना टेकवून राऊटर, म्हणजे विजेवर पाते गरगरवून लाकूड कोरणारे यंत्र, फिरविले की पाते नेमके तेवढेच कापते आणि हात कापला तरी रेष कापत नाही. म्हातारपणी देवाने हात घेतला आणि साचा दिला, ऐसे तो म्हणे. आता फक्त राऊटर पाहिजे होते, म्हणोन त्याने दिवाणांकडे अर्ज केला.

दिवाण अंबाजीपंत. यांची एक रीत की, ज्याला वस्तू वापरायची त्याला सोडून बाकी सर्वांस विचारावे. मग सात शहाण्यांची मंडळी नेमिली, त्यात एक हत्तीखान्याचे, दोन मुदपाकखान्याचे आणि उरलेले कोठलेच नव्हते, आणि बाजारातून तीन राऊटरे आणवून गालिच्यावर मांडिली. सटवाजी दाराशी उभा. तो बोलिला, “सरकार, धाकटं बगा. दोन हातांत मावतंय. खाली पितळी नळी बसाया जागा हाय, ती नळीच साच्याच्या दातांना घासत जाती. आन खोली एकदा बांदली की सरकत न्हाई. म्या साचा बरुबर आणलाय, ठिवून तरी बगा.” त्यावर दिवाण हसले आणि बोलिले, “घोडा घेताना खोगीर कोण पाहतो?” सटवाजी बोलिला, “खोगीर बसत न्हाई त्यो घोडा घिऊन करायचं काय, सरकार?” तेव्हा दिवाणांनी सटवाजीस बाहेर काढिले. मग शहाण्यांनी तिन्ही यंत्रे आळीपाळीने उचलून पाहिली, आणि जे उचलताना मुदपाकखान्याच्या दोघांस धाप लागली तेच राज्याच्या इभ्रतीस शोभते ऐसा एकमताने ठराव केला. साचा दाराबाहेर सटवाजीच्या काखेतच राहिला. केवढी ही अक्कल आणि केवढा तो गालिचा!

मग ते धूड सुतारखान्यात आले, आणि पितळी नळी त्यास बसेना. सटवाजीने तीन दिवस कानस घासून नवे कडे केले आणि नळी बसविली. मग यंत्र साच्याच्या अरुंद काठावर टेकेना, पुढे कलंडे. तेव्हा त्याने समोर त्याच उंचीची फळी बांधून त्यास दुसरा आधार दिला. एवढा खटाटोप दिवाणांच्या हौसेपायी! मग कापून पाहिले तो सांधा चोख उतरला, आणि पहिला खण जोडून त्याने दोन्ही हातांनी हिसडला, तो हलेना. ते समयी सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि लबाड कशास बोलावे, त्या धुडाच्या वजनाने हात थोडा स्थिरही राहिला हे त्याने कबूल केले. तो खण दप्तरात पाठविला आणि म्हातारा बहुत दिवसांनी पोटभर जेवला.

खंडेनवमीस दरबार भरला. त्या राज्याची चाल ऐसी की, तख्तासमोर काम करणाऱ्या हत्याराने काम सरताच त्याच क्षणी कपाळापर्यंत उचलून मुजरा करावा. तलवारीस ते सोपे, करवतीस सोपे. परंतु राऊटरास नाही. ज्या आकारामुळे खण सुटत नाही त्याच आकाराचे ते पाते, खाली रुंद आणि वर अरुंद. फिरते असता सरळ उचलिले की सांधाही जातो आणि साचाही जातो. सटवाजीने आदले दिवशी दिवाणांचे पाय धरिले की, “पंत, ह्ये उचलायचं नसतंय. पोटाकडं वढून भाईर काडायचं, बंद करायचं, पातं थांबलं की मग शंभर मुजरे करतो.” दिवाण बोलिले, “तख्तापुढे यंत्र पोटाशी ओढणे हा बेअदबीचा प्रकार आहे.” मग सटवाजीने दरबारात सांधा कापिला, आठांपैकी सात खाचा उत्तम जाहल्या, आणि आठवी सरते न सरते तोच मुजऱ्याचा चौघडा वाजला. सटवाजी यंत्र पोटाकडे ओढू लागला. तो दिवाण स्वतः पुढे धावले, “मुजरा! मुजरा!” म्हणोन त्यांनी दोन्ही मुठी धरून यंत्र वर उपसले. मोठा कडाका जाहला. साच्याचे दोन दात उडाले, एक जाऊन तख्ताच्या पायात रुतला, आणि सागवानी फळी वरपर्यंत फाटली.

महाराजांनी विचारिले, “हे काय जाहले?” घाम पुसून दिवाण बोलिले, “म्हाताऱ्याचा हात कापतो, सरकार.” आणि सर्वांनी सटवाजीच्या हाताकडे पाहिले, आणि तो हात खरेच कापत होता. सटवाजीने फाटलेली फळी उचलून पुढे केली आणि तो बोलिला, “म्हाराज, कापऱ्या हातानं रेष आडवी वाकडी जाती. ही चीर बगा, उभी सरळ वर गेलीय. ही उचलणाऱ्याची हाय.” महाराजांनी फळी पाहिली, दिवाणांकडे पाहिले, मग चौकशीस त्याच सात शहाण्यांस नेमून पूजा उरकावयास सांगितले. त्यांच्या अहवालात दोन ओळी: कसूर कारागिराच्या हस्तकंपाची, आणि यंत्र याहून मोठे घ्यावयास हवे होते. सुतारखाना मोडिला. सटवाजीने तो अहवाल दप्तरात स्वतः नेऊन द्यावा ऐसाही हुकूम जाहला, कारण अपमानातही त्या दरबाराची शिस्त फार. त्याने तो आपल्याच हातच्या खणात ठेविला, खाली ती फळी ठेविली, खण लाविला आणि काठी टेकीत गेला. पुन्हा तो त्या दरवाज्यात आला नाही.

तात्पर्य इतकेच. उरलेले एकोणचाळीस खण परक्या कारखान्याने रंगीत खिळ्यांनी ठोकून दिले, आणि काही पावसाळ्यांत सनदा, वंशावळी, खुद्द महाराजांची पत्रे, सर्व गंजाने खाल्ली. त्या राज्याचा एकच कागद आज अक्षर न् अक्षर वाचता येतो, आणि त्यात लिहिले आहे की सटवाजी सुतारास खण करता येत नव्हता. त्याखाली ती फळी आहे, चीर उभी सरळ. दोन्ही पाहून हे लिहिले. लिहिताना या लिहिणाराचाही हात कापत होता, आणि त्याचे कारण म्हातारपण नव्हे.