गोटा टायरवाले दाजी

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चपला काढतात. आमचे दाजी आधी दारातल्या गाड्यांचे टायर दाबून बघतात.

नुसते बघत नाहीत. खाली उकिडवे बसतात, अंगठा टायरमध्ये रुतवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "कच्चा हाय." किंवा "पिकला." किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे, "नासला." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव हणमंतराव. निमगाव केतकीला त्यांची पेरूची बाग आहे. उभा जन्म पेरू दाबण्यात गेल्यामुळे त्यांचा स्वतःच्या अंगठ्याइतका विश्वास दुसऱ्या कशावर नाही.

नातवाच्या बारशाला हाच अंगठा त्यांनी व्याह्यांच्या गाडीला लावला. बारामतीतलं चांगलं कार्यालय, दारात रांगोळी, पाहुणे नटूनथटून आलेले. व्याही निवृत्त अधिकारी, शब्द मोजून बोलणारे. त्यांची गाडी नेहमी कापडाखाली झाकलेली असते. दाजी चारही चाकांना प्रदक्षिणा घालून आले आणि भर मांडवात म्हणाले, "इव्हायसाहेब, तुमचं चारी नासल्यात."

व्याह्यांना वाटलं, दाजी त्यांच्या मुलांविषयी बोलतायत. त्यांना नेमकी चारच मुलं.

पुढं खुलासा झाला, हसणंही झालं, पण अक्का पदराचं टोक तोंडात धरून स्वयंपाकघरात गेली ती जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बाहेर आली नाही. मी वाढप्यांच्या मागं उभा राहून पाण्याचे जग भरत होतो. भरलेले जगसुद्धा पुन्हा भरले.

दाजी पूर्वी असे नव्हते. सायलीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न झालं, त्या साली पेरूला भाव बरा मिळाला आणि त्यांनी मोठी मोटरसायकल घेतली. कुणी तरी सांगितलं की तमिळनाडूत रेसचा ट्रॅक आहे आणि तिथं 'ट्रॅक डे' असतो. म्हणजे पैसे भरायचे आणि दिवसभर आपली गाडी मोकळ्या ट्रॅकवर पळवायची. समोरून एसटी येत नाही, उसाची ट्रॉली येत नाही, शेळी आडवी येत नाही. दाजी एकदा गेले आणि येताना चेहरा असा घेऊन आले की अक्काला वाटलं, ह्यांना ताप आहे.

"मास्तर," ते मला म्हणाले. मी बारामतीत हायस्कूलला शिकवतो, म्हणून मी मास्तर. "मास्तर, वळणावर गुडघा जमिनीला लागतो. लागतो म्हंजी नुसता टेकतो. मांजर पायाला घासून जातं न्हाय का, तसा."

ट्रॅक डेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं नंबर नसतो. कोण पुढं, कोण मागं, याची नोंद नसते. रस्त्यावरचेच टायर, एक जोडी सगळा हंगाम पुरायची. लोकांना सांगायलाही सोपं होतं. अक्का सांगायची, "ते ठिबकच्या शिबिराला गेल्यात."

मग एका वर्षी दाजींनी हौशी लोकांच्या रेसमध्ये नाव घातलं आणि तिथून आमच्या घराण्याची लाज निघायला सुरुवात झाली.

पहिलं कारण टायर. रेसचे टायर मऊ असतात. धरतात घट्ट, पण एका शनिवार-रविवारात संपतात. आणि नवेकोरे असतानाच गुळगुळीत असतात. त्यांवर नक्षी नसतेच. दाजींनी पहिली जोडी मागवली आणि रिमवर चढवायला गावातल्या पंक्चरवाल्याकडं नेली. त्यानं टायर फिरवून फिरवून पाहिले.

"आबा, झिजून गोटा झाल्यावर आमी टायर फेकून देतो. तुमी गोटाच इकत आणला?"

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारतळावर पोचली. तेव्हापासून दाजींचं नाव 'गोटा टायरवाले'. पेरूचा व्यापारीसुद्धा फोनवर तसंच म्हणतो.

किंमत विचारली तर दाजी रुपयात सांगत नाहीत. "एक जोडी म्हंजी बांधावरच्या समद्या झाडांचा माल," असं सांगतात. एका हंगामात बांधावरची झाडं संपली, मग विहिरीकडची ओळ गेली. दाजी माणूस हिशेबी. त्यांनी टायरांचं बागेसारखं नियोजन सुरू केलं. सरावाला जुना टायर, नवा फक्त रेसला. त्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळं टायरचा उजवा गाल आधी झिजतो. दाजी टायर काढून उलटा बसवतात, मग डावा गाल कामाला येतो. एकदा तापून थंड झालेला टायर दिसायला चांगला असला तरी आतून कडक होत जातो, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. "शीतगृहातनं काढलेला पेरू पुन्यांदा आत ठेवायचा नसतो. रबराचं बी तेच हाय."

एवढं करूनही भागेना, तेव्हा त्यांनी ती गोष्ट सुरू केली, जिच्यामुळं अक्कानं मला फोन केला.

अक्का तेव्हा पुण्यात होती. सायलीची नोकरी, बाळ लहान, म्हणून चार महिन्यांसाठी गेली होती. ते बाळ बालवाडीत जायला लागलं होतं, तरी अक्का अजून तिथंच होती. जावयाच्या एका मित्रानं त्या ट्रॅकवर दाजींना पाहिलं होतं.

"सुनील, ते लोकांचं टाकलेलं टायर उचलत्यात म्हणं," अक्का म्हणाली. "गॅरेजच्या मागं उकिरडा असतो, तितं. जावयासमोर मला मान वर करता येईना. तू ह्या खेपंला संगं जा. आन् आपल्या गावाचं नाव कुणाला सांगू देऊ नगंस."

मी गेलो. पेरूच्याच पिकअपमध्ये, मागं मोटरसायकल दोरांनी आवळलेली. सगळ्या गाडीला पिकलेल्या पेरूचा वास. दाजी खुशीत होते. मी बरोबर आलोय याचाच त्यांना आनंद झाला होता, आणि मी का आलोय ते मी सांगितलं नाही.

ट्रॅकवर पोचलो आणि मला कुठं बघावं कळेना. चहूकडं विशीतली पोरं, चकचकीत तंबू, प्रत्येक गाडीच्या चाकांना विजेवर तापणारी रजई गुंडाळलेली. टायर आधी गरम लागतात म्हणून ती व्यवस्था. दाजींनी आमची गाडी उन्हात उभी केली आणि पोत्यातून दोन गोधड्या काढल्या.

"इजंची रजई लई महाग. ही बी ऊब धरती."

गोधडी मी ओळखली. माझ्या आईनं अक्काच्या लग्नात शिवून दिलेली. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आता मागच्या चाकावर होता. शेजारच्या तंबूतला एक जण मोबाईलवर फोटो काढत होता.

दुपारी दाजी मला म्हणाले, "चला मास्तर, बाजार करून येऊ." मी पिशवी घेऊन निघालो. बाजार म्हणजे गॅरेजच्या मागचा ढीग. जोरात पळणाऱ्या संघांनी सकाळच्या फेरीत एकदाच वापरून टाकलेले टायर. दाजी त्यात गुडघाभर शिरले. एकेकाला अंगठा लावत होते. "नासला. नासला. ह्यो बगा, कोवळा हाय अजून." त्यांनी दोन टायर निवडले आणि हार घालावेत तसे गळ्यात घातले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर? तुम्ही इथं?"

माझा जुना विद्यार्थी. दहावीला पहिल्या बाकावर बसायचा. आता एका संघाचा इंजिनियर, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मला वाकून नमस्कार केला आणि मग दाजींकडं पाहिलं. गळ्यात टायर, अंगात कातडी सूट, तोही जुना घेतलेला, पोटाशी ताणलेला.

"हे कोण सर?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी दाजीच बोलले.

"मी पिकअपचा ड्रायव्हर हाय सायेब. सर सहज ट्रॅक बघाय आल्यात."

आणि टायरांसकट भराभरा पुढं निघून गेले. मी त्या विद्यार्थ्याशी काय बोललो ते मला आठवत नाही. कान तापले होते एवढं आठवतं. म्हणजे दाजींना सगळं माहीत होतं. मी का आलोय, अक्कानं काय सांगितलंय, सगळं. आणि वर त्यांनी माझी अडचण सोडवली होती.

रेस दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. दाजींनी उचललेला पुढचा टायर आणि जपून ठेवलेला मागचा नवा टायर लावला. ध्वनिक्षेपकावर नावं घेतली, त्यात 'निमगाव केतकी'चा त्या माणसानं असा काही उच्चार केला की अक्काला काळजीचं कारणच उरलं नाही.

मी कठड्याशी उभा होतो. पहिल्या वळणाला दाजी शेवटून दुसरे होते. दुसऱ्या फेरीला शेवटचे. मग अंतर वाढत गेलं. पुढची सगळी गाड्यांची झुंड जायची, आवाज विरायचा, मग बराच वेळ काहीच नाही. मग एकटे दाजी यायचे, अंग गाडीवर चिकटवून, कोपरं बाहेर, जणू पहिल्या नंबरासाठी लढतायत. कठड्यावरची पोरं हसत होती. "अंकल आ रहे हैं!" मी टोपी कपाळावर ओढली.

पहिला आला, दुसरा आला, सगळे आले. तंबूत पेढ्यांचे पुडे फुटले. दाजी अजून मागच्या वळणावर होते.

ते आले, गाडी लावली आणि पिकअपच्या फळीवर बसले. हेल्मेट काढेनात. मी चहा आणला. त्यांनी नुसती काच वर केली आणि त्या फटीतून फुंकून फुंकून चहा प्यायला लागले.

"हेल्मेट काढा की दाजी."

"ऱ्हाऊ द्या. जरा वेळ."

आतून ओलसर आवाज आला. मग मला राहवलं नाही. "एवढं वाईट वाटतंय तर कशाला करता? ट्रॅक डेलाच जा की. तिथं ना नंबर, ना टायरचा खर्च, ना हसणारं कुणी."

दाजींनी कप फळीवर ठेवला.

"लाज वाटती मास्तर. न्हाय वाटत असं न्हाय. टायर उचलताना वाटती, शेवटी येताना वाटती. पर ट्रॅक डेला येळ संपली की समदी आपापली आत जात्यात. कोण आलं, कोण ऱ्हायलं, कुणी बगत न्हाय. रेसला तसं न्हाय. समदी आली तरी त्यो झेंडेवाला माणूस उनात हुबाच ऱ्हातो. मी दिसंपतूर हात खाली घेत न्हाय. मी आलो की माज्यासाठी झेंडा हालीवतो, अन् मगच जातो."

कप पुन्हा उचलत म्हणाले, "घरी मी कवा येतो, कुणाला ठावं असतं? कुलूप मीच लावतो, मीच काढतो."

मग उठले आणि पिकअपमधल्या दोऱ्या गोळा करायला लागले. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं.

मी कॅन्टीनच्या मागं जाऊन अक्काला फोन लावला.

"काय रं, धड हायत का?"

"धड हायत."

"कितवा नंबर आला?"

"शेवटचा."

"अन् तुला तितं हुबं ऱ्हायाला लाज न्हाय वाटली?"

"वाटली," मी म्हणालो. मग दाजी जे बोलले ते तिला सांगितलं. झेंडेवाल्याचं, कुलपाचं. माझं काही घातलं नाही.

पलीकडं टीव्हीवर नातवाचं कार्टून चालू होतं. तो आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कटला.

"सुनील," मग ती म्हणाली, "त्या झेंडेवाल्याच्या शेजारी बाईमाणसाला हुबं ऱ्हाऊ देत्यात का?"