कुरोइवा-सानच्या रायफलीचा सल्लागार

कोणतीही वस्तू निवडायची असेल तर माझ्याकडे यावं आणि निर्धास्त व्हावं! ही बढाई नाही, लौकिक आहे. इथे जपानात ओजिमाच्या आमच्या सरकारी वसाहतीत जेवढी मराठी बिऱ्हाडं आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे फ्रिज मी निवडलेत. भाताचे कुकर, मुलांना पुढे-मागे बसवायच्या सायकली, भूकंपात न कोसळणारी कपाटं... विषय माहीत असण्याची गरज नसते. तुलना करता आली पाहिजे. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष, बेरीज केली की उत्तर समोर!

"मग आपला फ्रिज दारातून आत का गेला नाही?" असं माझी बायको जयंती चारचौघांत विचारते. तो दाराचा दोष होता.

तर आमच्या क्लायंटकडचे विभागप्रमुख कुरोइवा-सान. मी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतर्फे त्यांच्या ऑफिसात बसतो. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपणार होतं आणि ते वाढवायचं की नाही हे कुरोइवा-सानच्या हातात होतं. जयंतीला एदोगावातल्या शाळेत नुकतीच नोकरी लागलेली. आमची रुचा नववीत. मार्चमध्ये परत जावं लागलं तर एकीची नोकरी जाणार आणि दुसरीची दहावी अधांतरी. त्यामुळे त्या दिवसांत कुरोइवा-सान शिंकले तरी मी रुमाल घेऊन उभा असे.

जानेवारीत एकदा जेवताना ते खुशीत म्हणाले, "चंद्रहास-सान, पोलिसांनी मला रायफलीचा परवाना दिला!"

इथे हा प्रकार सोपा नाही. माणसाने आधी दहा वर्षं शॉटगन नीट वापरून दाखवायची, मग रायफल मागायची. पोलीस बायकोला विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, पितो का, भांडतो का, झोप लागते का. आपल्याकडे मुलगी देताना इतकी चौकशी करत नाहीत!

"रायफल ठरली," कुरोइवा-सान म्हणाले. "आता काडतुसं भरायचं मॅगझीन कोणतं घ्यावं आणि नेम धरायला स्कोप कोणता बसवावा, एवढंच अडलंय. तुम्हाला काय वाटतं?"

जपानी माणूस हे 'आज गारठा आहे, नाही का?' या चालीवर विचारतो. आपण 'अवघड आहे हो' म्हणायचं आणि लोणच्याचा तुकडा तोंडात टाकायचा. पण मराठी माणसाला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारल्यावर तो जेवत बसेल?

"माझ्यावर सोपवा!" मी म्हणालो.

घरी जयंतीने कपाळाला हात लावला. "तू? अरे, झुरळ दिसलं की तू खुर्चीवर चढतोस!"

"मारायचं नाहीये. निवडायचंय."

"बाबा, मुरी," रुचा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. म्हणजे तुझ्याच्याने होणार नाही. मुलीला जपानी यावं म्हणून मी तिला क्लास लावला होता.

मी माझ्या मेव्हण्याला, इचिकावाच्या नंदूला फोन लावला. शस्त्रास्त्रांतला आमच्याकडचा सर्वांत जाणकार माणूस तोच. शनिवार-रविवार संगणकावर लढाईचे खेळ खेळतो.

"भावोजी, चोवीसपट मोठं दाखवणारा स्कोप घ्या!" नंदू म्हणाला. "मी त्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. म्हणजे खेळात."

"खेळात डोंगर, जंगल असतं ना?"

"जंगल, वाळवंट, अवकाशस्थानक, काय म्हणाल ते! आणि मॅगझीन तीस गोळ्यांचं."

झालं! मी चाळीस स्लाइडचं सादरीकरण तयार केलं आणि मीटिंग रूम बुक केली. कुरोइवा-सान वही-पेन घेऊन आले. तीस गोळ्यांच्या मॅगझीनची स्लाइड आली तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले आणि दार लावून आले.

"चंद्रहास-सान," ते कुजबुजले, "पाचापेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझीन शिकारीसाठी चालत नाही. तो गुन्हा आहे."

"म्हणूनच ते दोषांच्या बाजूला आहे!" मी ते तिथल्या तिथे डावीकडून उजवीकडे सरकवलं.

पाचाची दोन मॅगझीन उरली. एक रायफलीच्या पोटातच बसवलेलं, दुसरं डब्यासारखं काढता-घालता येणारं. पहिल्याचे मी जुनाट म्हणून गुण कापले.

"आमच्या शिकारी मंडळातले हातानाका-सान म्हणतात, पोटातलं हरवत नाही," कुरोइवा-सान हळूच म्हणाले.

"वय काय त्यांचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बघा!"

शेवटी ते उठले आणि बराच वेळ कमरेत वाकून उभे राहिले. त्यांना पटलं, असं मला वाटलं. इतकी मेहनत घेतलेल्या माणसाचा सल्ला डावलणं हा त्यांच्या लेखी उद्धटपणा होता, हे मला कोण सांगणार? त्यांनी मुकाट्याने चोवीसपट स्कोप घेतला, काढता-घालता येणारं मॅगझीन घेतलं, आणि आभार म्हणून मला शिकार बघायला बोलावलं. नाही म्हणणं हा माझ्या लेखी उद्धटपणा होता. अशा रीतीने दोन सभ्य माणसं एका रविवारी सकाळी चिबाच्या डोंगरात पोचली.

तिथलं शिकारी मंडळ म्हणजे निवृत्त आजोबांचा घोळका. सगळे भगव्या जाकिटांत, झेंडूच्या माळेत ओवल्यासारखे. कुरोइवा-साननी रायफल बाहेर काढली. तिच्यावर तो स्कोप दुधी भोपळ्यासारखा आडवा पडलेला! सगळे भोवती जमले. मग एक आजोबा "सुगोई देसु ने" म्हणाले. म्हणजे कमाल आहे. शेजारणीची फसलेली चकली चाखून आपण ज्या सुरात 'छान झालीये' म्हणतो, त्या सुरात.

हातानाका-सान मंडळाचे अध्यक्ष निघाले. त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तुमच्याकडे परवाना नाही. रायफलीला हात लावायचा नाही. काडतुसाला नाही. मॅगझीनलाही नाही."

थोडक्यात, सल्ला सोडून मला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती.

आम्ही उतारावर दबा धरून बसलो, वर कुरोइवा-सान, खाली मी. जयंतीने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढाव्यात म्हणून मी पाठीवरची सॅक खाली ठेवून उघडली, तेवढ्यात खालून कुत्री भुंकली. बांबूंतून रानडुक्कर आलं! अगदी समोर, हाकेच्या अंतरावर. कुरोइवा-साननी स्कोपला डोळा लावला. लावून ठेवला. गोळी काही सुटेना.

"काय दिसतंय?" मी कुजबुजलो.

"तपकिरी."

"कुठला भाग?"

"ते कळत नाही. केस मात्र फार स्पष्ट आहेत."

"कमी करा ना थोडं!"

"हे सगळ्यात कमीच आहे."

रानडुकरानेही आमच्याकडे पाहिलं. त्याला स्कोप लागला नाही. ते सावकाश निघून गेलं.

कुरोइवा-साननी उसासा टाकला. नियमाप्रमाणे मॅगझीन काढून हातात घेतलं, उभे राहिले, आणि ओल्या पाचोळ्यावरून पाय सटकून माझ्या अंगावरून थेट खाली घसरत गेले! मी पुऱ्यांची सॅक बंद करून पाठीला लावली आणि धावलो. ते उठले, रायफल सांभाळली, माझी माफी मागितली. मग त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"मॅगझीन!"

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "दुसरं घेऊ. मी निवडतो."

एव्हाना बाकीचे धावत येऊन पोचले होते. हातानाका-साननी मला सांगितलं. आत पाच काडतुसं होती. इथे एक काडतूस हरवलं तरी पोलिसांना सांगावं लागतं. रायफलीचा परवाना जाऊ शकतो. मग पुन्हा शॉटगनपासून सुरुवात, म्हणजे आणखी दहा वर्षं.

कुरोइवा-सान पाचोळ्यात गुडघ्यांवर बसले. ज्या माणसाची दहा वर्षं मी पाचोळ्यात घालवली, तो माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार होता!

सगळं मंडळ रांगेने गुडघ्यांवर बसून पानं चाळू लागलं. मी सर्वांत पुढे! मध्येच मी खाली रस्त्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन सगळ्यांसाठी गरम चहाच्या बाटल्या आणल्या. गल्ल्यावरच्या मुलीशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. पण मॅगझीन काही मिळेना.

"थोडं खाऊन घेऊ, मग शोधू," असं म्हणून मी सॅक उघडली आणि पुऱ्यांसाठी दोन्ही हात घातले. एका हाताला पुरी लागली. दुसऱ्या हाताला...

"सापडलं!" मी मॅगझीन उंच धरून ओरडलो.

"हलू नका!" अख्खं मंडळ किंचाळलं.

मी पुतळा झालो. एका हातात पुरी, दुसऱ्यात पाच जिवंत काडतुसं. परवाना नसलेला परदेशी माणूस ती पाठीला लावून दुकानात फिरून आला होता! कुरोइवा-सान हळूहळू जवळ आले आणि व्हिजिटिंग कार्ड घ्यावं तसं त्यांनी दोन्ही हातांनी ते मॅगझीन घेतलं. पुरी माझ्याकडेच राहू दिली.

"मिळालं ना? मग विषय संपला!" मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

मी इथे वेगळ्या ठेवायच्या जळाऊ कचऱ्यात प्लास्टिक टाकल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तासाभरात आम्ही पोलीस ठाण्यात होतो. कुरोइवा-साननी स्वतःहून सगळं सांगितलं, पुरीसकट.

"यांचा यात संबंध काय?" अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

"हे माझे सल्लागार," कुरोइवा-सान म्हणाले.

अधिकाऱ्याने मान वर करून मला नीट पाहून घेतलं. मग कुरोइवा-सानना कडक समज दिली, परवाना तूर्त राहू दिला. मी मॅगझीन अजाणतेपणी बाळगलं हे त्याने मान्य केलं. शेवटी कुरोइवा-सानना म्हणाला, "पुन्हा विचारपूस करावी लागेल. आम्ही कळवेपर्यंत हे गृहस्थ जपानातच हजर राहतील, हे तुम्ही बघा."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. जयंती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "रुचाच्या शाळेला कधी कळवायचं?" आणि माळ्यावरची मोठी बॅग काढायला खुर्ची शोधू लागली. रुचाने त्या दिवशी 'मुरी' म्हटलं नाही. उठून आपल्या खोलीत गेली.

मार्चमध्ये कुरोइवा-साननी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. स्वतः दार लावलं.

"चंद्रहास-सान, तुमचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांनी वाढवलंय."

माझा ऊर भरून आला. "माझ्या कामाची तुम्ही इतकी कदर..."

"काम ठीक आहे," ते म्हणाले. "पण पोलिसांनी सांगितलंय ना, ते कळवेपर्यंत तुम्ही इथे हवेत. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही."

"आणि तीन वर्षांत नाही कळवलं तर?"

"पुन्हा वाढवू," कुरोइवा-सान गंभीरपणे म्हणाले.

घरी आम्ही बासुंदी केली. नंदू जेवायला आला. सांगलीला आईला फोन करून मी सांगितलं की कामावर खूश होऊन मला तीन वर्षं ठेवून घेतलंय. "तिकडच्या लोकांना माणसाची पारख आहे हो!" आई म्हणाली.

तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला की आम्ही तिघंही तो उचलत नाही.